येशूचा मेजवानीचा दाखला (बोधकथा) मत्तयात एक, लुकात दुसराच. मग मूळ कोणता?

रानमोगरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही आणि धर्मांतरावर वाद घालायलाही आलेली नाही. तो वाद कुणाला घालायचाच असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

अकोल्याला शाळेत मराठी शिकवते. सुट्टीत कपाटात पडून असलेला मराठी नवा करार (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग) कादंबरीसारखा सलग वाचायला घेतला. मत्तय संपला, मार्क संपला, आणि लुकाच्या १४व्या अध्यायात अडखळले.

एक माणूस मोठं जेवण घालतो आणि बोलावलेले येत नाहीत. एकाने शेत घेतलंय, ते बघायला जायचंय. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या पारखायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. यजमान चिडतो आणि गल्लीबोळांतून गरीब, लुळे, आंधळे, लंगडे गोळा करून आणतो. झकास गोष्ट. पण हीच गोष्ट मी मत्तयाच्या २२व्या अध्यायात वाचली होती, आणि तिथे यजमान राजा आहे, जेवण राजपुत्राच्या लग्नाचं आहे, बोलावणं घेऊन गेलेल्या चाकरांना लोक ठार मारतात, मग राजा फौज पाठवून त्यांचं नगरच जाळतो. नगर जळून खाक होईपर्यंत पंगत मात्र तयारच! शेवटी लग्नाचा पोशाख न घातलेल्या एका पाहुण्याला हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकून देतात.

येशूने ही गोष्ट दोनदा सांगितली, की लिहिणाऱ्यांनी बदलली? तो बोलत असताना कुणी टिपून घेत होतं का? आणि मत्तय, मार्क, लूक, योहान यांनीच ती पुस्तकं लिहिली हे कशावरून?

पापडीकर

आम्ही वसईकर धर्मशिक्षणाच्या वर्गात जे शिकलो ते सांगतो. मत्तय आणि योहान हे बारा प्रेषितांपैकी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांपैकी, मार्क हा त्यांच्यातल्याच पेत्राचा दुभाषा, लूक हा पौलाबरोबर फिरलेला वैद्य. मार्काबद्दलची माहिती पपियास नावाच्या बिशपांकडून येते. हे हिएरापोलिसचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यांचं पुस्तक गेलं, पण चौथ्या शतकात युसेबियसने त्यातले उतारे दिलेत.

दोन मेजवान्यांचं मला फारसं कोडं वाटत नाही. गावोगाव फिरणारा गुरू एक गोष्ट एकदाच सांगून गप्प बसेल का?

तर्कट

इ.स. ३०च्या सुमारास माणूस क्रुसावर गेला, पहिलं शुभवर्तमान (या चार पुस्तकांना म्हणतात तेच) ७०च्या आसपासचं. मधली चाळीस वर्षं कर्णोपकर्णी कारभार. पेत्र आणि योहान निरक्षर होते असं 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकातच लिहिलंय (४:१३, म्हणजे अध्याय ४, वचन १३). अरामी बोलणारे गालीलचे कोळी आणि पुस्तकं ग्रीकमध्ये! मागाहून रचलेलं आहे सगळं, मूळ शोधण्यात अर्थ नाही.

खिळेजुळारी

रानमोगरा, प्रश्न फक्कड आहे. जरा लांबलचक लिहितो.

माझं बघणं कुठून येतं ते आधी सांगतो. नगरच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, ऑफसेट आल्यावर मुद्रितशोधनाला बसलो आणि निवृत्तीपर्यंत तेच केलं. मिशन कंपाउंडात वाढलो, त्यामुळे दाखले लहानपणापासून तोंडपाठ. ग्रीक उशिरा शिकलो, अजून कोश शेजारी लागतो. प्रूफवाला मजकूर खरा की खोटा हे ठरवत बसत नाही. सांधा कुठे आहे, कुठला परिच्छेद दुसरीकडून आणून चिकटवलाय, कुठे हात दमलाय, हे त्याला आपसूक दिसतं. शुभवर्तमानं मी तशीच वाचतो.

मेजवानीकडे येतोच, पण त्याआधी पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट काढा: मार्क २, मत्तय ९, लूक ५. तिन्ही पानं एकमेकांशेजारी उघडी ठेवा.

मार्कात चौघेजण त्या माणसाला उचलून आणतात, दारात गर्दी, म्हणून वर चढून छप्पर खणतात आणि बाज खाली सोडतात. खणतात, कारण कफर्णहूमच्या, म्हणजे ही गोष्ट घडते त्या गालीलमधल्या गावच्या, घरांना वाशांवर काटक्या आणि त्यावर मातीचा थाप असे. आपल्याकडचं धाब्याचं घर बघितलेल्याला हे समजावून सांगायला नको. लुकातही माणसं वर चढतात, पण कौलं काढून त्याला खाली सोडतात. लुकाचे वाचक ग्रीक शहरांतले, त्यांच्या डोक्यावर कौलं. त्याने घर त्यांच्या ओळखीचं करून टाकलं. आणि मत्तय? त्याने छप्परच गाळलं. लोकांनी बाजेवर पडलेल्या एकाला आणलं, बस्स. मत्तयाला काटकसरीची सवय आहे, मार्काच्या चमत्कारकथा तो नेहमी छाटतो. पण पुढचं वाक्य त्याने तसंच राहू दिलं: "त्यांचा विश्वास पाहून" येशू म्हणाला. मार्कात हा विश्वास डोळ्यांना दिसतो, वरून माती पडते आहे! मत्तयात नेमकं काय पाहिलं? तिथे पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आता त्याच गोष्टीतलं एक वाक्य. येशू शास्त्र्यांना (यहूदी धर्मशास्त्राच्या जाणकारांना) म्हणतोय, "मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे तुम्हाला समजावं म्हणून..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत निवेदक मध्ये घुसतो: मग तो त्या पक्षाघाती माणसाला म्हणाला, "ऊठ." वाक्य मोडलेलं आहे. ते तिन्ही पुस्तकांत मोडलेलं आहे, आणि बरोबर त्याच जागी. तोंडी गोष्ट सांगणारे तिघेजण तीन ठिकाणी श्वास घेतात. तिघांचं वाक्य एकाच जागी मोडलं तर समोर लिहिलेला मजकूर होता, असंच समजायचं.

तो मजकूर म्हणजे मार्क, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्क सर्वांत लहान, सुमारे ६६० वचनांचा (वचन म्हणजे क्रमांक दिलेलं वाक्य). त्यातला जवळजवळ ९० टक्के मजकूर मत्तयात या ना त्या रूपात आहे, निम्म्याहून जास्त लुकात आहे, आणि घटनांचा क्रमही बराचसा तोच. याशिवाय मत्तय आणि लूक या दोघांकडे असलेला पण मार्कात नसलेला, मुख्यतः वचनांचा (इथे अर्थ: बोललेल्या शब्दांचा), असा एक मोठा गठ्ठा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं "सापाच्या पिल्लांनो" हे भाषण बघा (मत्तय ३, लूक ३). ग्रीकमध्ये ते जवळपास शब्दन्‌शब्द एक आहे. म्हणून काहीजण म्हणतात की वचनांचा एक हरवलेला संग्रह दोघांच्याही पुढ्यात होता, त्याला 'क्यू' म्हणतात. काहीजण म्हणतात 'क्यू' वगैरे काही नाही, लुकाने मत्तयच वाचला होता. 'क्यू'चं एकही पान कधी सापडलेलं नाही. मला स्वतःला हरवलेला संग्रह पटतो, पण त्यावर पैज लावणार नाही.

पापडीकर, एक गोष्ट दोनदा सांगितली असेल हे अगदी शक्य आहे. पण दोनदा सांगितल्याने दोन लेखकांची ग्रीक वाक्यं एकसारखी मोडत नाहीत. आणि लुकाने लपवाछपवी केलेलीच नाही. थियफिलाला उद्देशून पहिल्या चार वचनांत तो सरळ सांगतो की पुष्कळांनी हे लिहायचं काम हाती घेतलंय, जे सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहणारे होते त्यांनी ते आमच्यापर्यंत पोचवलं, आणि मी सगळ्याचा शोध घेऊन नीट क्रमाने लिहितोय. म्हणजे तो स्वतः साक्षीदार नाही आणि त्याच्या टेबलावर आधीची पुस्तकं आहेत.

तर्कट, चाळीस वर्षं तुम्ही म्हणता तशी कोरी नाहीत. पौलाची पत्रं ५०च्या दशकातली आहेत. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, साधारण ५४-५५ साली, तो शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द देतो (अध्याय ११) आणि पुनरुत्थित येशू कुणाकुणाला दिसला त्यांची यादी देतो (अध्याय १५). दोन्ही ठिकाणी तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं. पाठ केलेल्या मजकुराची ही भाषा आहे. गंमत अशी की पौलाच्या सगळ्या पत्रांत एकही दाखला नाही. दाखले दुसऱ्याच वाटेने आले: घराघरांत जमणाऱ्या मंडळ्यांतून (ख्रिस्ती समुदायांतून), शिकवणाऱ्यांच्या तोंडून, बहुधा छोट्या छोट्या जुड्यांनी.

मग पुस्तक लिहायची गरज कधी पडली? माणसं जायला लागली तेव्हा. जब्दीचा मुलगा याकोब ४४च्या सुमारास मारला गेला. येशूचा भाऊ याकोब ६२ साली यरुशलेमात दगडमार होऊन मेला. पेत्र आणि पौल रोममध्ये नीरोच्या काळात गेले अशी परंपरा आहे. ६६ साली यहूद्यांचं बंड पेटलं आणि ७० साली रोमन सेनापती तीतसाने यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं. मार्क या धामधुमीतला आहे. त्याच्या १३व्या अध्यायात येशू जैतुनाच्या डोंगरावर बसून चौघा शिष्यांशी येणाऱ्या संकटाबद्दल बोलतोय, आणि मध्येच येतं: "वाचकाने हे ध्यानात घ्यावे." समोर बसलेल्या चौघांशी बोलणारा माणूस 'वाचक' कशाला म्हणेल? हा लेखकाचा खाकरा आहे. हेच पुस्तक ७व्या अध्यायात यहूदी हात कसे धुतात ते समजावून सांगतं, म्हणजे ऐकणारे यहूदी नाहीत. आणि विधवेच्या दोन लेप्टा नाण्यांची किंमत रोमन नाण्यात देतं: दोन लेप्टा म्हणजे एक क्वाद्रान्स (१२:४२).

आणि ज्या पपियासचा पापडीकरांनी उल्लेख केला, तो नुसतं "मार्काने पेत्राचं ऐकून लिहिलं" एवढंच म्हणत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पेत्र ऐकणाऱ्यांच्या गरजेनुसार शिकवण देत असे, मार्काने ती बिनचूक लिहिली, पण क्रमाने नाही. म्हणजे बदल कागदावर यायच्या आधी, सांगतानाच होत होता, आणि त्या काळच्या बिशपला त्यात वावगं वाटत नव्हतं. हाच पपियास म्हणतो की मला पुस्तकांपेक्षा जिवंत माणसाच्या तोंडचं अधिक उपयोगी वाटलं.

आता तुमची मेजवानी. लुकात येशू एका परूश्याच्या (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या) घरी जेवायला बसलाय. दाखल्याच्या थोडं आधी तो यजमानाला सांगतो, जेवण घालशील तेव्हा गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव (१४:१३). दाखल्यात चाकर कुणाला आणतो? तेच चौघे (१४:२१). ही लुकाची शाई. शिवाय चाकर दोनदा जातो, आधी गावातल्या गल्ल्यांत, मग गावाबाहेरच्या वाटांवर. लुकाचंच पुढचं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, याच आराखड्यावर उभं आहे: आधी यहूदी, मग परराष्ट्रीय.

मत्तयात जळालेलं नगर तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर, त्याने गोष्ट फाटते. मत्तय ८०-९०च्या सुमारास लिहीत असेल, तर नगर जळाल्याचं ऐकताच समोरच्यांच्या डोळ्यांपुढे कोणतं शहर आलं असेल हे सांगायला नको. मारले गेलेले चाकर म्हणजे संदेष्टे, राजपुत्र म्हणजे कोण ते उघड आहे. आणि पोशाखवाला पाहुणा हे शेवटी जोडलेलं शेपूट. रस्त्यावरून भलेबुरे सगळे आत घेतल्यावर मंडळीत जो प्रश्न उभा राहतो, त्याचं उत्तर तिथे दिलंय. रस्त्यावरून धरून आणलेल्याने लग्नाचे कपडे कुठून आणायचे, हे मत्तय विचारत नाही. त्याचं लक्ष तेव्हा गोष्टीकडे नव्हतंच.

तिसरी मेजवानीसुद्धा आहे, ती तुमच्या पुस्तकात मिळणार नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका मातीच्या रांजणात कॉप्टिक भाषेतली पुस्तकं सापडली. त्यांत 'थोमाचं शुभवर्तमान' होतं: नुसती ११४ वचनं, ना जन्म, ना क्रूस. त्यातलं ६४वं वचन म्हणजे हीच मेजवानी. इथे सबबी चार आहेत. एकाकडे व्यापारी पैसे द्यायला येणार आहेत, दुसऱ्याने घर घेतलंय, तिसऱ्याला मित्राच्या लग्नाचं जेवण सांभाळायचंय, चौथ्याने गाव विकत घेतलंय आणि खंड गोळा करायला जायचंय. बैल नाहीत, नांगर नाही, सगळा शहरी पैशाचा मामला. आणि शेवटी ठणकावून सांगितलंय की घेणारे आणि व्यापारी माझ्या पित्याच्या स्थानी प्रवेश करणार नाहीत.

तीन मेजवान्या, तीन श्रोतृवर्ग. तिघांत समान काय उरतं? जेवण तयार, बोलावणं गेलं, मानाच्या पाहुण्यांनी पाठ फिरवली, पानावर भलतेच लोक बसले. एवढा सांगाडा मी जुना मानतो. लूक त्याच्या जवळचा वाटतो, पण लुकातलं सगळं जुनं नाही.

रानमोगरा

खिळेजुळारी, बाजेचं वाचून दोनदा उठून पुस्तक आणलं. मत्तयात छप्पर नाही हे मी आधी वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, डोक्यात मार्कातलंच चित्र होतं.

दोन शंका. उधळा पुत्र (वाटा उडवून घरी परतणारा मुलगा) आणि चांगला शोमरोनी (जखमी परक्याला मदत करणारा वाटसरू) या सगळ्यात गाजलेल्या गोष्टी, त्या फक्त लुकात कशा? त्यानेच रचल्या का? आणि नावांचं राहिलंच. शेवटी मत्तयाने मत्तय लिहिलं की नाही?

रिद्धपूरकर

मराठी वाचकांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटायला हरकत नाही. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून घेऊन लीळा जमवल्या. केसोबासांनी स्वामींचे दृष्टान्त वेगळे काढून 'दृष्टान्तपाठ' केला. योगायोग बघा, दृष्टान्त ११४. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची मांडणी: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचा उलगडा. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचं. गुरू कुठे थांबला आणि शिष्य कुठे सुरू झाला हे पानावरच दिसतं. शुभवर्तमानांत अशी काही खूण आहे का?

खिळेजुळारी

रिद्धपूरकर, नाही, आणि अर्धी डोकेदुखी तीच आहे. तिथे दाखला आणि त्याचा उलगडा दोन्ही येशूच्याच तोंडी आहेत. सांधा आपल्याला शोधावा लागतो.

मार्काचा ४था अध्याय घ्या. येशू मचव्यात बसून काठावरच्या गर्दीला पेरणाऱ्याचा दाखला सांगतो. काही बी वाटेवर, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. १०व्या वचनात तो एकांतात आहे आणि शिष्य अर्थ विचारतात. मग उलगडा, मग आणखी दाखले. ३६व्या वचनात शिष्य त्याला "तो होता तसाच मचव्यातून" घेऊन जातात. म्हणजे तो मचव्यातून उतरलाच नव्हता! एकांत मध्ये घातलेला आहे, आणि त्या एकांतात उलगडा आहे. तो उलगडा वाचताना पायरी चुकल्यासारखं होतं: आधी बी म्हणजे वचन, आणि पुढच्याच वाक्यांत पेरलेले म्हणजे माणसं. त्यात छळ आहे, संसाराची चिंता आहे, पैशाचा मोह आहे. मंडळ्या उभ्या राहून काही वर्षं गेल्यावर गळती का लागली, याचा तो हिशेब आहे. तुमच्या भाषेत हे दार्ष्टान्तिक, फक्त केसोबासांसारखं वेगळं काढून न ठेवलेलं. थोमात हाच दाखला आहे (९वं वचन), आणि तिथे उलगडा नाही.

द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांच्या दाखल्यात तर दोन क्रियापदांची अदलाबदल झालीय. मार्कात (१२:८) ते मालकाच्या मुलाला धरतात, ठार मारतात आणि मळ्याबाहेर टाकतात. मत्तय आणि लूक दोघांकडेही आधी बाहेर काढतात, मग मारतात. येशूला क्रुसावर दिलं ते नगराबाहेर, हे ठाऊक असलेल्या हाताने क्रम दुरुस्त केला. दोघांना हे वेगवेगळं सुचलं की एकाचं बघून दुसऱ्याने केलं, यावर 'क्यू'वाले आणि 'क्यू'विरोधी अजून भांडतात.

रानमोगरा, नावांचं थोडक्यात. चारही पुस्तकांच्या मजकुरात "मी अमुक" असं लेखक नाव सांगत नाही. योहानाच्या शेवटी 'प्रिय शिष्याची' साक्ष सांगितलीय, तिथेही नाव नाही. "मत्तयाप्रमाणे", "मार्काप्रमाणे" हे सगळे मथळे एकाच साच्याचे आहेत, आणि असा साचा तेव्हाच लागतो जेव्हा एकाहून जास्त पुस्तकं शेजारी शेजारी येतात आणि कोणतं कुठलं ते सांगावं लागतं. १८०च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस चारही नावं घेऊन "चारच" असा आग्रह धरतो. मार्काचं नाव मला खरं वाटतं. नाव चिकटवायचंच होतं तर थेट पेत्राचं चिकटवलं असतं, त्याचा दुभाषा कोण शोधत बसलं असतं? मत्तयाबद्दल मात्र माझा विश्वास बसत नाही. जकात नाक्यावर बसलेल्याला येशू "माझ्यामागे ये" म्हणतो, ती गोष्ट मार्कात लेवीची आहे (२:१४). मत्तयाच्या पुस्तकात ती मत्तयाची होते (९:९), पण शब्द मार्काचेच. स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस माणूस दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवून घेईल का? पापडीकर, रागावू नका. ते नाव कुठल्या तरी जुन्या आठवणीला धरून आलं असेल, पपियासही मत्तयाने वचनं जमवल्याचं म्हणतो. पण आपल्या हातातलं पुस्तक आहे तसं त्याच्या हातचं वाटत नाही.

उधळा पुत्र. लुकाने रचला असं म्हणणारे आहेत, कारण भाषा पुरती लुकाची आहे. मला पटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा प्रूफवाल्याचंच. लुकाला दाखल्याला तात्पर्य लावायची भारी हौस. अप्रामाणिक कारभाऱ्याचा दाखला संपल्यावर (१६:८ पासून) एकामागून एक तात्पर्यं लागलीत, कुठलंच नीट बसत नाही. ती गोष्ट मुळातच अडचणीची होती आणि प्रत्येक शिकवणाऱ्याने तिला आपली काडी लावली असं दिसतं. उधळ्या पुत्रात मात्र थोरला भाऊ अंगणात उभा, बाप त्याला समजावतोय, आणि गोष्ट तिथेच तुटते. तो आत गेला की नाही, कळत नाही. लुकाने स्वतः रचली असती तर त्याला आत नेऊन बसवला असता, असं माझं मत. शब्द त्याचे, गोष्ट त्याला मिळालेली.

फावल्या वेळात लुकाचा १९वा अध्याय वाचा, मोहरांचा दाखला. चाकर मोजा.

तर्कट

मोडलेल्या वाक्याचा मुद्दा मान्य. समोर मजकूर होता म्हणजे तो रचलेला नव्हता असं मात्र होत नाही.

खिळेजुळारी

नाही होत. पण वाट्टेल ते रचायची मोकळीक असलेला माणूस दुसऱ्याचं मोडकं वाक्य जपून ठेवत नाही.

रानमोगरा

मोजले! दहा चाकर, दहा मोहरा, प्रत्येकी एक. हिशेब द्यायला पहिला येतो, दुसरा येतो, मग "दुसरा कोणी" येतो, आणि संपलं. सात चाकर गायब. शिवाय हा धनी मध्येच राज्य मिळवायला दूर देशी जातो, प्रजा त्याच्यामागे "हा आम्हाला नको" म्हणून शिष्टमंडळ पाठवते, आणि तो परत आल्यावर त्यांची कत्तल. मोहरांचा त्याच्याशी काय संबंध?

खिळेजुळारी

काही नाही, दोन गोष्टी एकत्र बांधल्यात. मत्तयाचा २५वा अध्याय शेजारी ठेवा. तिथे साधा धनी आहे, राज्य नाही, शिष्टमंडळ नाही, आणि चाकर सुरुवातीपासून तीनच. लुकाने, किंवा त्याच्या आधी कुणीतरी, आकडा दहावर नेला. सुरुवातीची वाक्यं बदलली, पण हिशेबाच्या जागी जुना तिघांचा मजकूर तसाच उतरला. उतरवताना हात असाच दमतो. मत्तयाचंही होतं: १४व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात तो हेरोदाला नेमका हुद्दा देऊन 'मांडलिक' म्हणतो, आणि ९व्या वचनात मार्काच्या मागे जाऊन 'राजा' म्हणून बसतो.

शिष्टमंडळवाली गोष्ट तर पॅलेस्टाइनमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला आठवत असणार. इसवी सनापूर्वी ४ साली थोरला हेरोद मेला, तेव्हा त्याचा मुलगा अर्खेलाव गादी पक्की करून घ्यायला ऑगस्टसकडे रोमला गेला. त्याच्यामागे पन्नास यहूद्यांचं शिष्टमंडळ "हा आम्हाला नको" म्हणायला गेलं, असं पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस लिहितो. राजा ही पदवी त्याला मिळाली नाही, पण यहूदियाचा कारभार मिळाला, आणि इ.स. ६ मध्ये त्याला हाकललं. त्याने नव्याने बांधून घेतलेला राजवाडा यरीहोत होता. लुकात हा दाखला येशू कुठे सांगतो? जक्कय या जकातदाराच्या प्रसंगाला लागून, म्हणजे यरीहोतच. ही जागा लुकाने मुद्दाम निवडली, की गोष्ट त्याच्याकडे आली तीच यरीहोसकट, हे मला ठरवता येत नाही. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण ग्रीक शहरातल्या वाचकाला अर्खेलावाच्या वाड्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि लूक तो कुठे समजावूनही सांगत नाही.